इंग्लंडमधले घर विकताना ठाण्यातल्या घराची माहिती सॉलिसिटरला कशी द्यावी

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या कुटुंबांची मुले इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या इथल्या सदनिकेच्या करारनाम्यावर मुलाचे किंवा मुलीचे ‘दुसरे नाव’ असते. पुढेमागे वारसाहक्काची दगदग नको, एवढ्याच हेतूने ते घातलेले असते आणि मग सर्वांच्याच विस्मरणात जाते. दहा-बारा वर्षांनी तोच मुलगा तिकडचे घर विकून मोठे घर घ्यायला निघतो, सॉलिसिटर (घराच्या व्यवहाराचे काम पाहणारा तिथला वकील) विचारतो, “जगात इतरत्र कुठे आपल्या मालकीचे घर आहे का?”, आणि मुलगा प्रामाणिकपणे “नाही” असे उत्तर देतो, कारण त्याच्या लेखी ते घर बाबांचे असते. चूक इथे होते, आणि ती बहुतेक वेळा नीयतीची नसून कागद न पाहण्याची असते.

पुढील माहिती इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड यांना लागू आहे. स्कॉटलंड आणि वेल्स यांचे घरखरेदीवरील कर वेगळे आहेत, त्यांचे दरही वेगळे आहेत, मात्र परदेशातील घर तिथेही मोजले जाते. खालील दर एप्रिल २०२५पासूनचे आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी ते पुन्हा तपासून घ्यावेत.

ठाण्यातल्या घराचा प्रश्न नेमका कुठे येतो

विक्रेत्याला भरून द्यावा लागणारा टीए-६ हा फॉर्म विकल्या जाणाऱ्या घरापुरता असतो. त्यात शेजाऱ्यांशी वाद, बांधकामातील बदल, सीमाभिंती असे विषय असतात. परदेशातील घराबद्दल त्यात विचारणा नसल्यामुळे विक्रेत्याचा समज होतो की विषय संपला. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी निघतो: विक्रीच्या नफ्यावरील कर, नव्या घराची स्टॅम्प ड्युटी आणि व्यवहारात येणाऱ्या पैशाचा उगम. यातली स्टॅम्प ड्युटी सर्वांत महाग पडते, म्हणून आधी तिचे गणित पाहू.

समजा नवे घर ४,००,००० पौंडांचे आहे. नेहमीच्या दराने पहिल्या १,२५,००० पौंडांवर काहीच नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के म्हणजे २,५०० पौंड आणि उरलेल्या १,५०,००० वर ५ टक्के म्हणजे ७,५०० पौंड, असे एकूण १०,००० पौंड होतात. खरेदीदाराकडे आणखी एक घर असेल आणि नवे घर हे त्याच्या मुख्य निवासस्थानाची बदली ठरत नसेल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे २०,००० पौंड वाढतात. हा अधिभार १ एप्रिल २०१६पासून ३ टक्के होता आणि ३१ ऑक्टोबर २०२४पासून ५ टक्के झाला. इतर घर जगात कुठेही असले तरी ते मोजले जाते, अट एवढीच की त्यातील आपल्या हिश्श्याचे मूल्य ४०,००० पौंड किंवा अधिक असावे.

इथे एक दिलासाही सांगितला पाहिजे. आपण स्वतः राहत असलेले घर विकून त्याच दिवशी, किंवा विकल्यानंतर तीन वर्षांच्या आत, राहण्यासाठीच दुसरे घर घेतले, तर ठाण्यात सदनिका असूनही हा अधिभार सामान्यतः लागत नाही. म्हणजे सत्य सांगितल्याने बहुतेकांचे काहीच नुकसान होत नाही, आणि तरीही घाबरून लपवणारे बरेच असतात. ज्यांना अधिभार खरोखर लागणार असतो, त्यांचे लपवणे तर आणखी महागात पडते, कारण स्टॅम्प ड्युटीच्या विवरणपत्रातील माहितीची जबाबदारी खरेदीदाराची असते, ते भरून देणाऱ्या सॉलिसिटरची नव्हे.

टप्पा १: नाव कोणकोणत्या घरावर आहे, ते ठाण्यातून विचारून घ्यावे

हे काम घर विकायला काढण्यापूर्वी करावे. आठवणीवर विसंबू नये. आईवडिलांना “माझे नाव कुठे आहे का?” असे विचारल्यास “तसे काही नाही रे” हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी प्रत्येक घराचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश-उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट यांची छायाचित्रे मागवावीत. शेअर सर्टिफिकेटच्या मागील बाजूचेही छायाचित्र घ्यावे, कारण हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात. करारनामा सापडत नसेल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून इंडेक्स टूचा शोध घेता येतो.

त्यानंतर पुढील पाच प्रकार एकेक करून तपासावेत, कारण चुका यांतच होतात.

पहिला प्रकार दुसऱ्या नावाचा. करारनाम्यावर नाव खरेदीदार म्हणून असेल, तर पैसे वडिलांनी भरले असले तरी कागदोपत्री आपण सहमालक आहोत. “नाव फक्त सोयीसाठी आहे” हे म्हणणे खरेही असू शकते, आणि नुसत्या नावापलीकडे लाभाचा हक्क कोणाचा, याला इंग्लिश कायद्यात महत्त्व आहे. परंतु तो निष्कर्ष आपण काढून “नाही” असे उत्तर देऊ नये. नाव आहे हेही सांगावे आणि पैसे कोणी भरले, कर्ज कोणाच्या नावे होते, भाडे कोणाच्या खात्यात जाते हेही सांगावे. निष्कर्ष काढणे सल्लागाराचे काम आहे.

दुसरा प्रकार नॉमिनेशनचा. सोसायटीत आपण केवळ नॉमिनी असू आणि सदस्य हयात असेल, तर आपण मालक नाही. या एका बाबतीत निर्धास्त राहावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आईच्या नावे केले आणि घरातल्या सर्वांनी घर आईचे मानले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई हे पहिल्या वर्गातील वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. म्हणजे मागे आई आणि दोन मुले असतील, तर वडिलांच्या हिश्श्यात प्रत्येकाचा एक तृतीयांश हक्क मृत्यूच्या दिवसापासूनच असतो, मग आपले नाव एकाही कागदावर नसले तरी. वारसाहक्काने मिळालेला सामाईक हिस्सा निम्म्याहून अधिक नसेल, तर पहिली तीन वर्षे तो इंग्लंडच्या अधिभारासाठी धरला जात नाही. हिस्सा मोजताना पती-पत्नीचा एकत्र धरतात. म्हणून मृत्यूचा दाखला आणि त्यावरील तारीख या कामात फार उपयोगी ठरते.

चौथा प्रकार नवी मुंबईचा. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असल्याने “आम्ही मालक नाहीच, लीजवर आहोत” असा युक्तिवाद वाशी-नेरूळकडे हमखास ऐकू येतो. इंग्लंडमध्ये तो उपयोगाचा नाही. तिथे सात वर्षांपर्यंतच्या मुदतीने दिलेले भाडेपट्टे वगळले जातात आणि सिडकोचे भाडेपट्टे साधारणपणे ६० वर्षांचे असतात. तिथल्या बहुतेक मालकीच्या सदनिकाही लीजवरच असतात, त्यामुळे लीज या शब्दाचे त्यांना अप्रूप नाही.

पाचवा प्रकार गावच्या घराचा. कोकणातले वडिलोपार्जित घर हेही राहते घरच आहे. सात भावंडांत त्याचा हिस्सा क्वचितच ४०,००० पौंडांपर्यंत जातो, पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) मागवून यादीत एक ओळ लिहावी आणि पुढे जावे. शेतजमीन, मोकळा भूखंड आणि दुकानाचा गाळा ही राहती घरे नसल्याने या अधिभारासाठी मोजली जात नाहीत. ताबा न मिळालेल्या, बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचे काय, याचे उत्तर कागदांवर अवलंबून असते, म्हणून तीही यादीत घालावी.

*सावधान:* पती किंवा पत्नी खरेदीत सहभागी नसली तरी तिची मालमत्ता मोजली जाते, दोघे कायमचे विभक्त झालेले नसतील तर. अठरा वर्षांखालील मुलांच्या नावची घरेही धरली जातात. आजोबांनी नातवाच्या नावे कासारवडवलीला घेतलेली सदनिका इथे आडवी येऊ शकते.

टप्पा २: आपल्या हिश्श्याचे मूल्य काढावे

मूल्य बाजारभावाने धरायचे असते, करारनाम्यातील जुन्या किमतीने नाही. पौंडाला ११५ रुपये धरले, तर ४०,००० पौंड म्हणजे ४६ लाख रुपये होतात. वडील आणि मुलगा यांच्या समान नावावरील १ कोटी २० लाखांच्या सदनिकेत मुलाचा हिस्सा ६० लाखांचा, म्हणजे मर्यादेच्या वर जातो. तीच सदनिका तिघांच्या समान मालकीची असेल, तर ४० लाख, म्हणजे मर्यादेच्या खाली. हिस्सा मर्यादेच्या आसपास असेल, तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल घ्यावा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर आधारासाठी जोडावा, पण केवळ त्यावर भिस्त ठेवू नये.

टप्पा ३: सॉलिसिटरला लेखी कळवावे, आणि नेमणुकीच्या वेळीच

इंग्लंडमध्ये व्यवहार बांधील होतो तो ‘एक्स्चेंज’च्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांच्या अदलाबदलीच्या क्षणी. तोपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो. त्यानंतर मात्र खरेदीदाराने दिलेली, सामान्यतः १० टक्के, अनामत पणाला लागलेली असते. अधिभाराचे २०,००० पौंड एक्स्चेंजनंतर उपटले आणि तेवढी रक्कम जवळ नसेल, तर मोठीच पंचाईत होते. म्हणून ही माहिती नेमणुकीच्या पत्रासोबत, ओळखपत्रे देतानाच द्यावी. दूरध्वनीवर सांगितलेले धरू नये. ई-मेल करावी आणि पोच मागावी.

पत्रात कारणमीमांसा कमी आणि तथ्ये जास्त असावीत. त्याचा आराखडा साधारण असा ठेवता येईल:

“ठाणे, महाराष्ट्र येथील एका सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्यावर माझे नाव माझ्या वडिलांसह सहखरेदीदार म्हणून आहे. करारनाम्यात हिस्से नमूद आहेत किंवा नाहीत (जे खरे असेल ते). खरेदीची रक्कम वडिलांनी भरली असून मी काही भरलेले नाही. सदनिकेत वडील स्वतः राहतात आणि मला भाडे मिळत नाही. मूल्यांकन अहवालानुसार आजचे मूल्य अमुक रुपये आहे. माझ्या पत्नीच्या नावे भारतात किंवा इतरत्र घर नाही. मी सध्या विकत असलेल्या घरात अमुक तारखेपासून सलग राहत आहे. याचा माझ्या विक्रीवर आणि पुढील खरेदीच्या स्टॅम्प ड्युटीवर काय परिणाम होतो, ते कृपया लेखी कळवावे.”

शेवटचे वाक्य गाळू नये. अनेक सॉलिसिटरांच्या नेमणूकपत्रात ‘करसल्ला आमच्या कामात समाविष्ट नाही’ असे कलम असते. तसे असेल तर तेच उत्तर लेखी येईल आणि आपल्याला वेळेत करसल्लागाराकडे जाता येईल. मराठी कागद असतील, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. इंडेक्स टू मराठीत असतो, हे विसरले जाते.

*तपासणी:* करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि पारपत्र यांवर नाव एकसारखे आहे का? एकीकडे वडिलांच्या नावासह, दुसरीकडे त्याविना, विवाहानंतर बदललेले आडनाव, असे फरक असतील तर ते पत्रातच स्पष्ट करावेत.

टप्पा ४: विक्रीच्या बाजूचे उत्तर द्यावे

विकले जाणारे घर खरेदीपासून आपले मुख्य निवासस्थान राहिले असेल, तर साधारणपणे नफ्यावर कर लागत नाही. मध्येच आईच्या आजारपणासाठी दीड वर्ष ठाण्यात राहून तिकडचे घर भाड्याने दिले असेल, तर त्या तारखा सल्लागाराला कळवाव्यात. पती-पत्नीला एका वेळी एकच मुख्य निवासस्थान धरता येते. कर देय असेल, तर कम्प्लीशनपासून (पैसे चुकते होऊन घर हस्तांतरित होण्याच्या दिवसापासून) ६० दिवसांत विवरण देऊन तो भरावा लागतो. विक्रीपूर्वीच कायमचे भारतात परतलेल्या, म्हणजे ब्रिटनच्या दृष्टीने अनिवासी विक्रेत्याला कर शून्य असला तरी हे विवरण द्यावेच लागते.

ठाण्याच्या सदनिकेचे भाडे मिळत असून ते ब्रिटनच्या विवरणपत्रात दाखवलेले नसेल, तर सॉलिसिटरला पत्र पाठवण्यापूर्वी करसल्लागाराला भेटावे. हे लपवण्यासाठी सांगत नाही, योग्य क्रमासाठी सांगतो. सॉलिसिटरवर संशयास्पद व्यवहार कळवण्याचे कायदेशीर बंधन असते आणि तसे कळवल्याचे तो आपल्याला सांगूही शकत नाही. आपणहून आधी केलेल्या खुलाशावर दंड कमी बसतो.

टप्पा ५: ठाण्याहून पैसे येणार असतील, तर त्यांचा माग तयार ठेवावा

नव्या घरासाठी इथून पैसे पाठवायचे असतील, तर सॉलिसिटर त्यांचा उगम विचारणारच. ठाण्यातील सदनिका विकून आलेले पैसे असतील, तर विक्रीचा नोंदणीकृत दस्त, करकपातीचे प्रमाणपत्र, पैसे जमा झाल्याचे एनआरओ खात्याचे (अनिवासी भारतीयाच्या भारतातील रुपया-खात्याचे) उतारे आणि परदेशी पाठवण्यासाठी सीएने दिलेले प्रमाणपत्र अशी सलग साखळी लागते. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत करकपात निवासी विक्रेत्यासारखी १ टक्का नसते, ती बरीच जास्त असते. कमी कपातीचा दाखला वेळेत न मागितल्यास रक्कम अडकून पडते आणि इंग्लंडची तारीख हुकते.

वडील भेट म्हणून पाठवणार असतील, तर निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. भेटपत्र, वडिलांचे ओळखपत्र आणि त्यांच्या पैशाचा स्रोत दाखवणारे उतारे लागतात.

*सावधान:* “पैसे देतोच आहे, तर माझेही नाव लाव” असे वडील म्हणाले, तर होकार देण्यापूर्वी थांबावे. वडिलांचे ठाण्यात घर आहे आणि इंग्लंडचे घर त्यांच्या मुख्य निवासस्थानाची बदली नाही, त्यामुळे पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. शिवाय वडील तिथले अनिवासी असल्याने आणखी २ टक्के लागतात. ४,००,००० पौंडांच्या घरावर ही जादा रक्कम २८,००० पौंड होते. प्रेमाने घातलेल्या नावाची एवढी किंमत ठाण्यातला कोणताही बाप जाणूनबुजून देणार नाही.

टप्पा ६: कम्प्लीशनचा क्रम पाळावा

मालकी नव्या घराच्या कम्प्लीशनच्या दिवसाच्या अखेरीस मोजली जाते. म्हणून जुन्या घराची विक्री आणि नव्याची खरेदी एकाच दिवशी होत असेल, तर सकाळी काय झाले आणि दुपारी काय झाले याने बिघडत नाही. विक्री लांबली आणि खरेदी आधी झाली, तर मात्र त्या दिवशी अधिभार भरावा लागतो, ठाण्यात घर नसले तरी, कारण जुने घर अजून नावावर असते. तीन वर्षांत जुने मुख्य घर विकले की तो परत मागता येतो.

जुन्या घरात आपण शेवटचे कधी राहत होतो, हेही या ठिकाणी पाहावे. चार वर्षांपूर्वी ते भाड्याने देऊन आपण स्वतः भाड्याच्या घरात राहायला गेलो असू, तर ते मागील तीन वर्षांत मुख्य निवासस्थान नव्हते. ते विकले तरी बदली ठरत नाही, आणि मग ठाण्याची सदनिका पूर्ण वजनानिशी मोजली जाते.

ही गोष्ट ऐन वेळी कळली की “ठाण्याचे हक्कसोडपत्र करून टाकू” असा उपाय सुचतो. तो चुकीचा नाही, पण आठवड्याभरात होत नाही. इंग्लंडमधून कुलमुखत्यारपत्र करायचे, तर ते भारतीय उच्चायुक्तालयात किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपॉस्टिल (कागद अस्सल असल्याचे सरकारी प्रमाणन) घ्यावे लागते. भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, आणि मगच दुय्यम निबंधकासमोर हक्कसोडपत्राची नोंदणी होते. वारसाने आलेला हिस्सा सोडणे आणि करारनाम्यावरील सहमालकी सोडणे यांचे मुद्रांक शुल्क सारखे नसते, याची इथल्या वकिलाकडून आधी खात्री करावी. नोंदणी कम्प्लीशनपूर्वी पूर्ण झालेली हवी. मागील तारीख टाकलेला कागद कोणी सुचवला, तर तो सल्लागार बदलावा.

टप्पा ७: व्यवहारानंतरच्या मुदती

स्टॅम्प ड्युटीचे विवरणपत्र कम्प्लीशनपासून १४ दिवसांत जावे लागते. सॉलिसिटरने ते पाठवण्यापूर्वी त्याची प्रत मागून अतिरिक्त घराविषयीचा तपशील स्वतः वाचावा. चूक नंतर लक्षात आली, तर ते विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून १२ महिन्यांत दुरुस्त करता येते. अधिभार परत मागायचा असेल, तर जुने घर विकल्यापासून १२ महिने किंवा विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून १२ महिने, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्या आत अर्ज करावा. ठाण्याहून मागवलेले कागद, मूल्यांकन अहवाल आणि सॉलिसिटरची लेखी उत्तरे एकाच फाइलमध्ये ठेवून तिची एक प्रत ठाण्यातही द्यावी. सदनिका विकायची वेळ येईल तेव्हा इथला वकील यांतलेच निम्मे कागद पुन्हा मागणार आहे.